बंदीतलं व्हेप आणि कापसाचा ग्रेडर: खान्देशातलं एक प्रकरण

पुरुष, वय ४४. जिनिंग-प्रेसिंग मिलमध्ये कापसाचा ग्रेडर. पंचवीस वर्षं सिगारेट. तक्रार: रात्री छातीत धडधड, झोप नाही, चिडचिड. सिगारेट आता फारशी नाही, असं स्वतःचं म्हणणं.

केस पेपरवर एवढंच होतं. बाकीचं बायकोने सांगितलं, तेही डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेल्यावर. तिने पिशवीतून रुमालात गुंडाळलेली, बोटभर लांब केशरी डबी काढली (व्हेप, म्हणजे निकोटीनच्या द्रवाची वाफ ओढायची ई-सिगारेट), माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मॅडम, हाई डबडी कितला दिन पुरी?" ही डबी किती दिवस पुरेल?

मी जळगावातल्या एका छातीविकाराच्या दवाखान्यात तंबाखू सोडणाऱ्यांचं समुपदेशन करते. पेशंटची आणि त्यांच्या घरच्यांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, वय, नातीगोती थोडी बदलली आहेत. त्यांना इथे बापू म्हणते. आपल्याकडे दर तिसऱ्या घरात एक बापू असतोच, त्यामुळे कुणाला शोधता यायचं नाही.

मिलच्या फाटकाबाहेरची टपरी

दसरा-दिवाळीपासून कापसाचा हंगाम लागतो. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर काट्यावरून आत आला की बापू गाडीवर चढतात, कोपरापर्यंत हात खुपसून आतला कापूस बाहेर काढतात, चिमटीत धरून धागा ओढतात, ओलावा तळहातावर जोखतात आणि भाव बोलतात. वरचा कापूस सगळेच चांगला ठेवतात, आतलाच बघावा लागतो. भाव बोलला की वाद. शेतकरी म्हणतो बापू, पोटावर मारू नका, मालक म्हणतो बापू, मिल बुडवू नका. दिवसातून असे पन्नास वाद, आणि प्रत्येक दोन वादांनंतर एक सिगारेट.

फक्त ती आत ओढता येत नाही. जिनिंगमध्ये आगीचं भय एवढं, की कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला तरी रोलरवर ठिणगी उडते आणि गंजी पेटते. काडीपेटी घेऊन आवारात शिरणाऱ्याला वॉचमन मालक असला तरी सोडत नाही. त्यामुळे बापूंना दर वेळी फाटकाबाहेर, रस्ता ओलांडून टपरीवर जावं लागे. जायला-यायला दहा मिनिटं. गर्दीच्या दिवशी तेवढाही वेळ मिळत नसे. एरवी दिवसाला वीसेक सिगारेटी. मिलमध्येच ओढायची मुभा असती तर त्या तीसवर गेल्या असत्या, हे ते स्वतःच सांगतात. हे कुंपण लक्षात ठेवावं, कारण पुढे सगळं त्याच्याभोवती फिरतं.

सकाळची पहिली सिगारेट तोंड धुण्याआधी. निकोटीनची पकड किती हे मोजायची फागरस्ट्रॉमची प्रश्नावली असते. तिच्यात सगळ्यात बोलका प्रश्न हाच: जाग आल्यावर पहिली सिगारेट किती मिनिटांत? पाच मिनिटांच्या आत असं उत्तर आलं की बाकीचे प्रश्न बहुतेक औपचारिकतेपुरते. बापूंचे दहापैकी सात गुण आले.

आधी त्यांनी प्रयत्न केले नव्हते असं नाही. वडिलांची बायपास झाली तेव्हा पाकीट तापीत टाकलं होतं. ते तेराव्या दिवशी परत आलं. नंतर औषध दुकानातून निकोटीनची गम आणली. ती चहासोबत, साध्या च्युइंगगमसारखी भराभर चावली. उचक्या लागल्या, मळमळलं, तलफ मात्र तशीच. "फालतू चीज" म्हणून उरलेली पट्टी कपाटात गेली.

या गमवर मी थोडं थांबणार आहे, कारण आपल्याकडे ती जवळजवळ प्रत्येक जण चुकीची खातो. ती चावायची असते ती जिभेला झिणझिण्या येईपर्यंतच. मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायची, झिणझिण्या गेल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावायची. अर्धा तास हेच. निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. भराभर चावलं की ते लाळेबरोबर पोटात उतरतं, पोट ढवळतं आणि यकृत त्यातलं बरंचसं मोडून टाकतं. चहा-कॉफी-लिंबू सरबताने तोंड आंबट झालं की गालातून शोषलंही जात नाही, म्हणून आधीची पंधरा मिनिटं यातलं काही नको. ज्या माणसाचा दिवस दर तासाच्या कटिंगवर चालतो त्याला हे कुणी सांगितलं नाही, तर गम हरणारच. शिवाय २ मिलिग्रॅमची गम चिठ्ठीशिवाय मिळते, तीच बापूंनी आणली. सकाळी डोळा उघडताच ओढणाऱ्याला ती एकटी बहुतेक वेळा अपुरी पडते.

दुबईचा मेहुणा

व्हेपचं यंत्र आलं ते दुबईहून. बापूंचा मेहुणा तिथे गोदामात सुपरवायझर आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०१९ पासून ई-सिगारेट कायदेशीर विकली जाते, दुकानात पावती मिळते, त्यामुळे त्याला यात काही वावगं वाटलं नाही. उन्हाळ्यात लग्नाला आला तेव्हा बॅगेत डझनभर घेऊन आला. आंब्याच्या वासाच्या, वापरून फेकायच्या, पाच टक्के निकोटीन असं छापलेल्या. परत जाताना दाजींच्या हातात ठेवल्या: "हे ओढा, ते सोडा."

आणि बापूंनी खरंच सोडलं. आठवड्याभरात सिगारेट शून्यावर. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा सकाळचा खोकला गेला. वास परत आला: साठवणीत दमट झालेल्या कापसाला एक कुबट वास असतो, तो त्यांना कित्येक वर्षांनी जाणवला, आणि ग्रेडरच्या धंद्यात ही काही छोटी गोष्ट नाही. जून ते सप्टेंबर, चार महिने एकही सिगारेट नाही.

हे मी आडवळणाने लिहीत नाही: यंत्राने काम केलं. जगातला पुरावाही तेच सांगतो. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सरकारी धूम्रपानमुक्ती केंद्रांत ८८६ लोकांवर झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर सिगारेटमुक्त राहिलेले ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के होते, तर गम, पॅच (त्वचेवर लावायची निकोटीनची चिकटपट्टी) वगैरे घेणाऱ्या गटात ९.९ टक्के. त्यानंतरच्या सगळ्या अभ्यासांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांचाही कल तोच. सिगारेटमधला जीवघेणा भाग म्हणजे जळण्यातून येणारं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड. यंत्रात जळत काही नाही, द्रव तापून त्याची वाफ होते. त्या वाफेत दुसरी रसायनं असतात, वीस-तीस वर्षांनी काय होतं हे कळायला तेवढा काळच गेलेला नाही, तेव्हा निर्धोक म्हणता येत नाही. पण सिगारेटच्या तुलनेत ती कमी घातक आहे, याबद्दल जाणकारांत फारसं दुमत नाही.

मात्र त्याच चाचणीत आणखी एक आकडा आहे, तो व्हेपवाले सहसा सांगत नाहीत. ई-सिगारेटने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. गम-पॅचच्या गटात असं साधन चालू असलेले फक्त ९ टक्के. इंग्लंडमध्ये यावर फार तर वाद होईल. तिथे यंत्र दुकानात मिळतं, द्रवात निकोटीन किती असावं याची कायदेशीर मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे, सोबत समुपदेशक असतो. चालू राहिलं तर राहिलं. आपल्याकडे चालू राहणार कशाच्या जोरावर?

बापूंच्या बायकोचा प्रश्न नेमका हाच होता. तिने कुठलाही अभ्यास वाचलेला नाही.

कायदा काय म्हणतो

भारतात १८ सप्टेंबर २०१९ ला ई-सिगारेटबंदीचा वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात सगळ्याला बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणं हा वेगळा गुन्हा म्हणून कायद्यात लिहिलेला नाही, त्यामुळे "स्वतःपुरतं चालतं" असा समज पसरला. २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कुठल्याही स्वरूपात जवळ बाळगणंही कायद्याविरुद्ध असल्याचं सांगितलं. विमानातून बॅगेत आणणं ही तर सरळ आयात. मेहुण्याने प्रेमाने जे केलं ते कायद्याच्या भाषेत हे होतं.

या बंदीवर माझं मत विचाराल तर ते दुहेरी आहे. फाटकाबाहेरच्या टपरीवर सिगारेट मिळते, तीही सुट्टी. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी आहे, हे टपरीवाल्याला ठाऊक आहे आणि गिऱ्हाइकालाही. जास्त घातक चीज हाताच्या अंतरावर, कमी घातक चीज गुन्हा. हे उलटंच आहे. पण दुसरी बाजू पोकळ नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, एकूण प्रौढांपैकी धूर काढणारे ३.८ टक्के आणि चघळणारे-लावणारे २४.४ टक्के, काही जण दोन्हींत मोडतात. म्हणजे आपला मोठा प्रश्न मळलेली तंबाखू, गुटखा, मिश्री हा आहे. ई-सिगारेटने त्यातलं काहीच सुटत नाही, आणि एक नवी सवय मात्र पोरांना लागू शकते. बापूंच्या घरात हे पुढे दिसलंच.

हंगाम लागला

सप्टेंबरच्या शेवटी मेहुण्याचा साठा संपला. मग कुणाच्या ओळखीने सुरतेहून एक-दोन आल्या, त्या आधीसारख्या नव्हत्या. एक दोन दिवसांत बंद पडली. दुसरीने घसा सोलून निघाला. डबीवर तेच चित्र, तीच टक्केवारी, आत काय होतं देव जाणे. बंदी असलेल्या मालाला ना कारखान्याचा पत्ता, ना तपासणी, ना परत करायची सोय. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ लोक रुग्णालयात आणि ६८ मृत्यू. कारण मुख्यतः निघालं ते गांजाच्या अर्काच्या चोरट्या मालात घातलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. बापूंच्या डबीत तसं काही होतं असं म्हणायला आधार नाही. नव्हतं असं म्हणायलाही नाही.

आता धडधडीकडे येते. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच. सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात एका सिगारेटमागे साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटीन जातं. वीस सिगारेटी म्हणजे वीस ते तीस. बापूंच्या डबीत, लेबल खरं धरलं तर, दहा मिलिलिटर द्रव, म्हणजे पाचशे मिलिग्रॅम निकोटीन. चांगली डबी ते दहाएक दिवसांत संपवत होते. दिवसाला पन्नास. सगळं अंगात जात नाही हे खरं, तरी पूर्वीपेक्षा कमी नव्हतंच.

असं का झालं? फाटक गेलं म्हणून. सिगारेट संपते, थोटूक टाकावं लागतं, दुसरी पेटवायला रस्ता ओलांडावा लागतो. यंत्राला शेवटच नाही. धूर नाही, वास नाही, काडी नाही. बापू खरेदीच्या केबिनमध्ये बसून, पावती लिहिता लिहिता, बोलता बोलता झुरके घेत राहिले, रात्री उशाला ठेवून झोपले, जाग आली की घेतले. (जिनिंगच्या आवारात, भोवती रुई, आणि खिशात तापणारी लिथियम बॅटरी. मालकाला कळलं असतं तर नोकरीच गेली असती.) निकोटीनने नाडी वाढते, झोप उडते. धडधड त्याचीच होती.

ऑक्टोबरात ते एका डॉक्टरांकडे गेले होते. ईसीजी निघाला, साफ. सिगारेट ओढता का? नाही. मग टेन्शन असेल, हंगाम आहे. त्या डॉक्टरांना दोष देता येत नाही, त्यांनी विचारलं होतं. बापूंनी व्हेपचं सांगितलं नाही कारण ते बेकायदा आहे हे तोवर त्यांना कळलं होतं. माझ्यासमोरही पहिला प्रश्न तोच: "मॅडम, हे लिहिलं तर पोलिसांत तर जाणार नाही ना?" दवाखान्यात सांगितलेलं दवाखान्यातच राहतं, हे समजावण्यात पहिली अर्धी भेट गेली.

दिवाळीनंतर खरेदी जोरात सुरू झाली आणि डबी हाती नाही अशी वेळ आली. पहिल्याच रात्री टपरी. आठवड्याभरात दिवसाला सात-आठ सिगारेटी, डबी मिळाली तर तीही. आणि याहून वाईट एक गोष्ट. गाठी उचलणाऱ्या हमालांनी बापूंची तगमग पाहून तळहातावर चुना-तंबाखू मळली आणि आपलेपणाने पुढे केली: "घ्या बापू, धूर नही, वास नही, मंग काय वाईट से?" पंचवीस वर्षं ज्याने तंबाखू तोंडात घातली नव्हती त्याने ती चिमूट दाढेखाली धरली. पहिल्या भेटीत त्यांच्या खिशात पुडी होती. सिगारेट सोडू पाहणारा माणूस अर्ध्यात अडकला की खान्देशात तो विलायतेतल्यासारखा नुसता सिगारेटकडे परतत नाही. त्याच्यासाठी तोंडाच्या कर्करोगाची वाटही मोकळी असते, आणि ती टपरीपेक्षा स्वस्त पडते.

बायकोने त्यांना आणलं मात्र यातल्या कशाने नाही. दहावीतला मुलगा न्हाणीघरात त्या आंब्याच्या वासाच्या डबीचे झुरके घेताना सापडला. "पप्पा तर औषध म्हणून घेतात," हे त्याचं उत्तर. त्यावर बापू घरात पहिल्यांदा गप्प बसले, असं ती म्हणाली.

काय ठरलं

बेकायदा वस्तू किती आणि कशी घ्या, हा सल्ला आम्ही देऊ शकत नाही. ती कुठून मिळेल हेही सांगणार नाही. पण हात झटकून "दोन्ही बंद करा, मन घट्ट करा" म्हणणं हाही उपचार नव्हे. या माणसाच्या अंगाला निकोटीनचा एक मोठा डोस रोज लागत होता. तो एकदम तोडला तर तो फाटकाबाहेर जाणार, नाहीतर हमालांकडे. तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं की निकोटीन एवढ्यात काढायचं नाही, त्याचा रस्ता बदलायचा. जे औषध दुकानात पावतीवर मिळतं, ज्यावर लिहिलेला डोस खरा असतो, जे हंगामाच्या मध्यात गायब होत नाही, त्यावर आणायचं.

त्या दिवशी नाडी मिनिटाला शंभरच्या पुढे, रक्तदाब किंचित वर, फुंकर मारून मोजायच्या यंत्रात कार्बन मोनॉक्साइड १४. दहाच्या वर गेलं की माणूस सिगारेट ओढतो असं सहसा धरतात. फुप्फुसांची तपासणी ठीक.

२१ मिलिग्रॅमचा पॅच रोज सकाळी, चोवीस तासांचा. तलफ चढली की वरून २ मिलिग्रॅमची गम. पॅच अंगात एक सपाट पातळी धरून ठेवतो, गम वाद झाल्यावरचा झटका सांभाळते. दोन्ही एकत्र दिले की एकट्यापेक्षा जास्त लोक सुटतात, याचा पुरावा भक्कम आहे. ४ मिलिग्रॅमच्या गमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, ती हातची राखून ठेवली. तलफ कमी करणारी व्हॅरेनिक्लीनची गोळीही पुढचा पर्याय म्हणून बोलून ठेवली, झोपेची तक्रार होती म्हणून लगेच दिली नाही. पॅच तालुक्याच्या दुकानात नव्हते, जळगावहून मागवावे लागले. सहा आठवड्यांचे एकदम घ्या, मी म्हटलं, हंगामात पुन्हा येणं व्हायचं नाही. सिगारेटीच्या आणि डबीच्या महिन्याच्या खर्चाशी ताळा करून दाखवला तेव्हा बापूंनी पाकीट काढलं.

पॅच लागला त्या दिवशी यंत्र घराबाहेर. यावर बापूंनी घासाघीस केली: एक ठेवतो, अडीअडचणीला. बायकोकडे पाहिलं आणि विषय सोडला. बॅटरी असलेली वस्तू आहे, उकिरड्यावर किंवा पेटत्या कचऱ्यात टाकू नका, मिलच्या आवारात तर नावही नको, एवढं सांगितलं.

चहाचं गणित उलटं बसवलं. चहा बंद करा म्हटलं असतं तर ते दुसऱ्या भेटीला आलेच नसते. चहा घ्या, पाण्याने चूळ भरा, पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग गम. म्हणजे वाद, चहा, सिगारेट ही साखळी होती तिथे वाद, चहा, थोडा वेळ, गम अशी झाली. तलफ एका वेळी चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही, हे पेशंटला घड्याळ लावून पाहायला सांगावं लागतं, तोंडी पटत नाही. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात कडक, मग दोन-चार आठवड्यांत उतार.

पुडीबद्दल मात्र कसलीच सवलत नाही. खिशात फुटाणे ठेवा, बडीशेप ठेवा. हमालांना बापूंनी स्वतःच सांगायचं, सगळ्यांसमोर: आजपासून मला मळून द्यायची नाही. हे त्यांना पॅचपेक्षा जड गेलं. माणूस हात पुढे करतो तेव्हा त्यात तंबाखूपेक्षा मान जास्त असतो, तो नाकारायचा कसा? शेवटी त्यांनी डॉक्टरांच्या नावावर ढकललं. चालतं. डॉक्टर त्यासाठीच असतात.

अधेमधे बोलायला सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर दिला. राष्ट्रीय क्विटलाइन आहे, फुकट आहे. इतकी पाकिटं फोडूनही तो त्यांच्या नजरेला पडला नव्हता.

पुढे काय झालं

पहिले दहा दिवस ठीक. धडधड तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कमी झाली, कारण पॅचवर निकोटीन पूर्वीपेक्षा कमी आणि सपाट होतं. झोपेत विचित्र स्वप्नं पडू लागली तेव्हा पॅच रात्री काढून सकाळी नवा लावायला सांगितलं. सुटीच्या दिवशी त्यांनी पॅच लावलेल्या दंडावर गरम पाण्याची पिशवी धरली होती, खांदा दुखत होता म्हणून. चक्कर आली. उष्णतेने पॅचमधलं निकोटीन भराभर आत जातं. मेमधल्या उन्हात हेच होऊ शकतं, शिवाय घामाने तो सुटतो, त्यामुळे पॅचचा भाग हिवाळ्यात झाला हे एका परीने बरं झालं.

डिसेंबरात एका रात्री गंजीला आग लागली. पाण्याचे टँकर, धावाधाव, पहाटेपर्यंत सगळे उभे. आग विझल्यावर कुणीतरी बापूंच्या हातात पेटवलेली सिगारेट दिली. ती ओढली, मागोमाग दुसरी. सकाळी फोन: "मॅडम, गेलं सगळं." दंडावर पॅच आहे ना? आहे. पाकीट विकत घेतलं? नाही. मग काही गेलं नाही, आज गम दोन जास्त चालतील. अशा वेळी बहुतेक जण पॅच काढून टाकतात, आता पुन्हा पहिल्यापासून म्हणून. तो काढू द्यायचा नाही, हीच त्या फोनमधली खरी कामगिरी. पुढच्या भेटीत कार्बन मोनॉक्साइड ३ होतं.

जानेवारीअखेर पॅच १४ वर, मग ७ वर, फेब्रुवारीत बंद. वजन चार किलो वाढलं. मी त्याकडे दुर्लक्ष करा म्हटलं, त्यांच्या बायकोने शेवभाजी आठवड्यातून एकदाच केली. मुलाशी मी वेगळी बोलले. त्याच्या मते ती सिगारेट नव्हतीच, कारण ती वाईट वाटत नव्हती. तो पुन्हा ओढत नाही असं सांगतो. त्याच्याकडून मी फुंकर घेतली नाही. व्हेपमध्ये कार्बन मोनॉक्साइड नसल्याने ती काही सांगणारही नव्हती, आणि पोराला आपल्यावर पाळत आहे असं वाटलं असतं ते वेगळंच.

गम अजून चालू आहे. दिवसाला तीन-चार, खरेदी असली की सहा. "ही तरी कधी सुटणार?" असं बापू विचारतात. घाई नाही, असं डॉक्टर म्हणतात, आणि मलाही तेच वाटतं. कापूस संपला की अर्धी करू, पुढच्या दसऱ्याला हंगाम उघडतो त्याआधी महिनाभर भेटी पुन्हा जवळजवळ ठेवू. मेहुण्याने मध्ये फोनवर विचारलं, येताना काय आणू? बापूंच्या बायकोने खजूर सांगितले.